जलपरीची दुसरी वेलांटी

सगुणाबाई वर्गात शिरल्या आणि सगळी पोरं ताडकन उभी राहिली.

"न-म-स्ते बाई!"

"बसा, बसा," बाई सवयीने म्हणाल्या. पण मग त्या टेबलाकडे गेल्याच नाहीत. बाकांवर खडूने लिहिलेले नंबर वाचत वाचत खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकापाशी आल्या, पदर खोचला आणि बसल्या. पिशवीतून रंगाची पेटी निघाली, तीन ब्रश निघाले, पाण्यासाठी कान तुटलेला कप निघाला... तेव्हा कुठे पोरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चाळीस तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

बाई परीक्षेला बसल्या होत्या!

१९८७ चा सप्टेंबर होता. रत्नागिरीच्या एका शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगची सरकारी परीक्षा होती. बाहेर पाऊस आता येतो, मग येतो करत कौलांवर थबकला होता आणि पर्यवेक्षक मास्तर बाईंचं ओळखपत्र उलटंपालटं करून बघत होते.

"बाई, तुमच्या नातवाचं चुकून..."

"नातू नाही मला. लग्नच नाही केलं, नातू कुठनं आणू? फोटो माझाच आहे. बघा तर."

सगुणाबाई नागवेकर एकोणसाठ वर्षांच्या होत्या. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं, "बाई, आता आराम करा." बाईंनी पुढच्याच सोमवारी बाजाच्या पेटीचा क्लास लावला. तसं त्यांचं हे नेहमीचंच. एकेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए. केलं. पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या, तेव्हा गुडघा फोडून घेतला, पण सायकल सोडली नाही. शेजारणीकडून उर्दू अक्षरं गिरवली. आणि आता चित्रकला. शिकवायला वजीर, ज्याला बाईंनी दुसरीत असताना पाढे शिकवलेले. वजीर त्यांना बाई म्हणे आणि बाई वजीरला सर म्हणत. दोघांनाही त्यात गंमत वाटे.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात दारात आणखी एक म्हातारं माणूस उभं राहिलं. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर काळी टोपी, हातात जाड ब्रशांची जुडी. नखांच्या कडांत निळा रंग बसलेला, जन्मात न निघणारा. पोरं आता खुसुखुसु हसायलाच लागली. त्या माणसाने सगळ्यांना हसून मुजरा केला आणि बाईंच्या शेजारच्या रांगेत, अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसला.

मास्तर हजेरी घेऊ लागले.

"शिवलकर केरू धाकू."

"हजर!"

बाईंच्या हातातला ब्रश निसटला आणि घरंगळत त्याच माणसाच्या पायाशी गेला.

केरू धाकू शिवलकर... नावं सारखी असतात, त्यांनी स्वतःला बजावलं. पण केरू, आणि वर बापाचं नाव धाकू? त्यांनी हळूच मान वळवली. केस पांढरे झालेले, गाल बसलेले... भुवया मात्र त्याच. मध्ये जुळलेल्या.

अडतीस वर्षांपूर्वी, गोळप गावातल्या त्यांच्या घरी, हाच माणूस त्यांना बघायला आला होता.

"बाई, तुमचा ब्रश," तो म्हणाला. आवाज खर्जातला, थोडा घोगरा.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला.

त्या वेळी त्या एकवीस वर्षांच्या होत्या. नुकत्याच शाळेत लागलेल्या. बघायला आलेला मुलगा मुंबईला माझगावच्या गोदीत रंगारी. सगळ्यांदेखत बोलायची सोय नव्हती, म्हणून सगुणाने सुपारीच्या तबकातून एक चिठ्ठी घडी करून त्याच्यासमोर सरकवली होती. ‘लग्नानंतर मी शाळा सोडणार नाही. मला पुढे शिकायचं आहे. चालेल का?’ त्याने चिठ्ठी उचलली, खिशात घातली. आठ दिवसांनी निरोप आला — मुलगी पसंत नाही.

म्हणजे चालणार नव्हतं. सगुणाने ते उत्तर मनावर कोरून घेतलं. पुढे वडील गेले, धाकट्या भावाचं शिक्षण अंगावर पडलं, लग्नाचा विषय मागे पडला तो पडलाच. पण रॉकेलच्या दिव्याशी अभ्यास करताना डोळे मिटायला लागले, की त्यांना तो निरोप आठवे आणि झोप उडे. शिकलेली नको होती ना तुला? बघ मग...

आणि आज तोच माणूस शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होता.

समोर टेबलावर तांब्याची कळशी, एक नारळ आणि सूप मांडलेलं. वस्तुचित्र. बाईंनी मन कागदावर ओढून आणलं. तासाभराने शेजारून कुजबुज आली.

"बाई... तुमचा नारळ बघतोय माज्याकडं."

"परीक्षेत बोलू नये," बाई पुटपुटल्या.

"बरं. पण नारळाला डोळे तीन असतात. तुमी दोनच काढलेत. म्हणूनशान माणसावानी बघतोय."

बाईंनी कागद लांब धरून पाहिला. नारळ खरंच टक लावून बघत होता! हसू दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी दोघांकडे असं काही पाहिलं, की एकोणसाठ वर्षांच्या बाई सातवीतल्या पोरीसारख्या खाली मान घालून बसल्या.

दुसऱ्या दिवशी अक्षरलेखनाचा पेपर होता. सगळी पोरं पट्ट्या लावून रेघा आखत होती. केरूने चपटा ब्रश रंगात बुडवला, श्वास सोडला आणि एका झटक्यात अक्षर ओढलं. मग दुसरं. मास्तर फिरता फिरता थांबले ते तिथेच खिळले.

"अहो आजोबा, पट्टी?"

"पट्टी लावली की अक्षर आखडतं वो मास्तर."

पेपर सुटल्यावर बाईंना राहवेना. पायऱ्यांवर त्यांनी त्याला गाठलं. "एवढं सुंदर अक्षर कुठे शिकलात?"

"गोदीत. बोटींची नावं रंगवायचो. आता मिरकरवाड्याच्या बंदरावर रंगवतोय, फारुकशेठच्या नव्या लाँच बांधून होतायत ना... या कदी तिकडं. अक्षरं बघायला." आणि थोडं थांबून, जुळलेल्या भुवया उंचावून, "नायतर नारळाचा तिसरा डोळा काढायला शिकवीन."

तो छत्री उघडून निघून गेला. त्याने ओळखलं नव्हतं. बरंच झालं, बाई स्वतःशी म्हणाल्या. आणि घर येईपर्यंत त्यांना याच गोष्टीचा राग येत राहिला — ओळखलं कसं नाही म्हणते मी!

दिवाळी होऊन गेली. न जाण्याचं त्यांनी नऊ वेळा ठरवलं आणि दहाव्या वेळी सायकल मिरकरवाड्याच्या रस्त्याला लागली. धक्क्यावर माशांचा वास, डिझेलचा वास, ओल्या रंगाचा वास. नवी कोरी लाँच लाकडी टेकूंवर उभी होती आणि तिच्या नाकाडावर केरू पेंटर पांढऱ्या रंगाने नाव काढत होता. बाई खाली उभ्या राहून वाचू लागल्या. वाचलं, आणि अडतीस वर्षांची मास्तरकी उसळून वर आली.

"‘जलपरि’? री दुसरी हवी! दीर्घ!"

केरू शिडीवरूनच वळला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही ऊन पडलं, की बाईंनी नजर वळवली.

"तुमी आलात, म्हणजे दीर्घच करायला पायजे," तो म्हणाला आणि पहिली वेलांटी पुसू लागला.

मग हे असंच चालू झालं. आठवड्यातून दोनदा बाई धक्क्यावर जात. त्या त्याला ऱ्हस्व-दीर्घ शिकवत आणि तो त्यांना ब्रश धरायला. "श्वास आत घेताना रेघ ओढू नका, थरथरते. सोडताना ओढा. हां... अशी." त्याने कधी हाताला हात लावला नाही. फक्त ब्रश त्यांच्या हातात देताना दांड्याचं एक टोक क्षणभर जास्त धरून ठेवी. तेवढ्याने बाईंची रेघ वाकडी होई.

"आज हात का हलतोय बाई?"

"वारा आहे."

"वारा तर पडलाय."

"मग तुमचं बोलणं आहे. गप्प बसा."

शेवटी एक दिवस फारुकशेठच कंबरेवर हात ठेवून समोर आला. "बाई, तुम्ही मोठ्या, तुमच्यासमोर बोलू नये. पण ह्या पेंटरशी काय तो निकाल लावा. माझी ‘जलपरी’ चुकवली, ‘नशीब’ चुकवलं, आता माझ्या अम्मीचं नाव ‘हमिदा’, त्यातसुद्धा चूक! आणि गंमत सांगू? तुम्ही यायच्या दिवशीच चुकतो. बाकी वार सगळं शुद्ध!"

बाईंनी केरूकडे पाहिलं. तो रंगाचा डबा ढवळण्यात फारच गढून गेला होता. कानांच्या पाळ्या मात्र लाल झालेल्या. बाईंच्या छातीत काहीतरी धडधडत सुटलं. या वयात... हे काय भलतंच! सायकलवर बसताना त्यांना पायडल सापडेना.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी वाजवायला बसल्या असताना त्यांनी ठरवलं. आता विचारून टाकायचं. तो ओळखो न ओळखो. ज्या माणसाने आपल्याला नाकारलं, त्याच्यासाठी मन असं उतू जाऊ द्यायचं आणि कारण न विचारता गप्प बसायचं — हे त्यांच्याने होणारं नव्हतं.

पौषातली दुपार कलली होती. भाट्याच्या समुद्रकाठी, सुरूच्या बनात बाई झाडांची चित्रं काढायला बसल्या होत्या आणि केरू शेजारी, मध्ये रंगाची पेटी. सुरूंमधून वारा सुंसुं करत होता.

"एक विचारायचं होतं," बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही कधी गोळपला आला होता? मुलगी बघायला?"

सुरूची सुई गळून कागदावर पडली. केरूने ती उचलली, बोटात फिरवली.

"एकोणपन्नास साली. नागवेकरांच्या घरी. मुलीनं हिरवं पातळ नेसलं व्हतं, आणि हाताला शाई लागलेली."

बाईंच्या हातून कप कलंडला. निळं पाणी वाळूत जिरून गेलं. "म्हणजे तुम्ही मला... कधी ओळखलंत?"

"कदी? अवो बाई, परीक्षेला बसलो तोच त्यासाठी! वजीर माज्याकडं रंग न्यायला येतो, त्यानं सांगितलं, नागवेकरबाई एलिमेंटरीला बसतायत. मला काय करायचंय सरकारचं सर्टिफिकेट? पासष्टीला टेकलोय... बासष्ट, पण टेकलोच. म्हटलं, तीन तास शेजारी तरी बसू."

चार महिने आपण समजत होतो की याला काही ठाऊक नाही, आणि हा...! राग आला, हसू आलं, आणि दोन्ही गिळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो अडतीस वर्षं घशात अडकला होता.

"मग नाही का म्हणालात? मी चिठ्ठीत विचारलं होतं. शिकलेली बायको चालत नव्हती, तर तसं तोंडावर सांगायचं होतंत."

केरूने टोपी काढली. मांडीवर ठेवली.

"वाचता येत नव्हतं मला."

"काय?"

"अक्षर येत नव्हतं, बाई. एक पण. बोटींवर नावं रंगवायचो ती बघून बघून. साहेब कागदावर लिहून द्यायचा, मी चित्र काढल्यासारखं काढायचो. लोक म्हणायचे, काय अक्षर हाय! आणि मला त्यातला काना कळत नव्हता."

बाईंचा हात तोंडावर गेला.

"तुमची चिठ्ठी आठ दिवस उशाशी घेऊन झोपलो. दुसऱ्या कुणाकडनं वाचून घ्यावी, तर... तुमी मला लिहिलेलं दुसऱ्यानं वाचावं, हे मनाला पटेना. आणि वाटलं, जी पोरगी पहिल्याच भेटीला लिहून विचारते, तिला मी काय सांगू? मी आंगठेबहाद्दर हाय? लाज वाटली. म्हणून नाय म्हटलं. तुमाला नाय, बाई. मलाच."

समुद्र लांब सरकला होता. बाईंना वाटलं, आपल्या पायांखालची सगळी वाळू त्याच्याबरोबर निघून चाललीय. ज्या नकाराच्या त्वेषाने त्या शिकत गेल्या, तो नकार त्यांच्या शिकण्याला कधी नव्हताच!

"मग शिकलो," केरू पुढे बोलत होता. "गोदीत मोठ्या माणसांचा वर्ग व्हता. वर्षं लागली. जोडाक्षरं तर जीव काढायची... पंचावन्न साली तुमची चिठ्ठी वाचली. एकट्यानं. आणि त्याच शिमग्याला गोळपला आलो, ‘चालेल’ म्हणून सांगायला."

"आला होतात? आमच्या घरी?"

"कुंपणापर्यंत. पण तुमचं लग्न झालेलं. मग काय बोलणार? परत गेलो. दोन वर्षांनी चिमाशी लगीन झालं. भली बाई व्हती ती, सुखाचा संसार केला आमी, तिला उणं बोलणार नाय मी. सात वर्षं झाली तिला जाऊन..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझं लग्न कधीच झालं नाही."

आता धक्का बसायची पाळी केरूची होती. तो उठून उभाच राहिला. "नाय झालं? अवो, मला तर... मुंबईहून परत आल्यावर वजीर बोलला, बाई एकट्याच असतात. मला वाटलं, घरधनी वारला असेल. कदी विचारायचं धाडस नाय झालं."

"मी तेव्हा लांज्याच्या शाळेवर होते. कुणी सांगितलं तुम्हाला माझं लग्न झालं म्हणून?"

"कुंपणावर एक पोरगा बसला व्हता. सोळा-सतरा वर्षांचा. पुस्तक वाचत. म्हणाला, आक्काचं लग्न झालं, पुण्यास दिली."

आक्का. अख्ख्या जगात त्यांना आक्का म्हणणारं एकच माणूस होतं.

बाईंनी रंगाची पेटी मिटली, ब्रश न धुताच पिशवीत कोंबले आणि बनातून चालू लागल्या. केरू तिथेच उभा राहिला, टोपी हातात धरून.

बाळा नागवेकर कचेरीतून नुकताच आला होता. भाऊ-बहिणीची घरं एकाच अंगणात, मध्ये फक्त तुळस. त्याची बायको कमळा चहाचा कप ठेवत होती, तोच बाई दारात उभ्या राहिल्या. पायाला वाळू, केस सुटलेले. असं त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"बाळा, पंचावन्न सालच्या शिमग्यात आपल्या गोळपच्या कुंपणाशी एक माणूस आला होता. त्याला तू काय सांगितलंस?"

बाळाने कप उचलला होता. तो त्याने न पिताच बशीत ठेवला. एकोणपन्नास वर्षांचा, चष्मा लावणारा, पोटाचा घेर सुटलेला माणूस बघता बघता सतरा वर्षांचा झाला.

"आक्का..."

"काय सांगितलंस?"

"माझं मॅट्रिकचं वर्ष होतं," तो कसाबसा म्हणाला. "बाबा गेलेले. तू होतीस म्हणून मी शाळेत होतो. तो म्हणाला, तुमच्या बहिणीला भेटायचंय. नवे कपडे, हातात मिठाई. मला कळलं. वाटलं, तू गेलीस की माझी शाळा संपली, मी खाडीवर होडी वल्हवायला... मी सांगून टाकलं. मग रोज वाटायचं, तुला सांगावं. रोज. आणि वर्षं झाली तसं सांगायचं अवघड होत गेलं."

कमळा मटकन खाली बसली. "अगं बाई! चोवीस वर्षं संसार केला मी या माणसाशी, आणि मला पत्ता नाही!"

बाईंना वाटलं होतं, आपण ओरडू. "मला विचारायचंस रे," त्या इतकंच म्हणाल्या. "मी तुझी शाळा कधी बंद केली असती का? लग्न करून गेले असते, तरी तुला घेऊन गेले असते. तू मला विचारलंच नाहीस."

त्यांनी आपल्या घराचं दार लावून घेतलं. आठ दिवस पेटी वाजली नाही, सायकल हलली नाही. कमळा जेवणाचं ताट घेऊन येई आणि दाराशी बसून राही. "वन्सं, माझ्यावर नका रागावू. दोन घास खा." बाई खात. एकदा तिला सगळं सांगितलंही, केरूचं आणि मिरकरवाड्याचं. पण मनात सारखा तोच चाळा. चिठ्ठी वाचता आली असती तर... बाळा कुंपणावर नसता तर... आणि मग एका सकाळी, दात घासता घासता, त्यांना एकदम वाटलं — तर-तर करत बसायला मी काय मेलेय? माणूस दीड मैलावर बसलाय, जिवंत, शिडीवर चढून बोटी रंगवतोय. आणि मी इथे पंचावन्न साल उगाळत्येय!

त्यांनी धुवट पातळ नेसलं आणि सायकल काढली.

मिरकरवाड्याला पोचल्या, आणि पुन्हा एकदा चकित होऊन थांबल्या. चिखलात, चपला हातात घेऊन, कचेरीच्या कपड्यांत बाळा उभा होता. समोर केरू. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या, फारुकशेठ तोंडात बोट घालून.

"मी खोटं बोललो होतो," बाळा सगळ्यांदेखत म्हणत होता. आवाज फाटलेला. "तेव्हा सांगायचं ते आज सांगायला आलोय. माझ्या बहिणीचं लग्न झालेलं नव्हतं. आजही झालेलं नाही. तुम्ही मला काय हवी ती शिक्षा करा."

केरूने रंगाचे हात पायजम्याला पुसले आणि बाळाच्या खांद्यावर ठेवले. "शिकलास ना पुढं?"

"हो. बी.कॉम."

"मग झालं. शिक्षणासाठी खोटं बोललास. मी लाजेपोटी बोललो व्हतो. तुजं कारण माज्यापेक्षा बरं."

बाळा लहान पोरासारखा रडू लागला. वळला, तर समोर आक्का. बाईंचा राग गेला होता असं नाही. तो काही एका दिवसात जाणारा नव्हता. पण त्यांनी पदराने त्याच्या चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "कचेरीला उशीर होईल. जा. संध्याकाळी बोलू."

तो गेला. केरू आणि बाई उरले. आणि अर्थात सगळा मिरकरवाडा.

"मी सकाळी सहाला पेटी वाजवते," बाई एकदम म्हणाल्या. "सूर अजून नीट लागत नाहीत. शेजारी तक्रार करतात."

केरूला आधी काही उमगेना. मग उमगलं. त्याच्या हातातला ब्रश रंगाच्या डब्यात बुडाला, दांड्यासकट.

"मी... मी चारलाच उठतो," तो म्हणाला.

"पुढल्या वर्षी इंटरमिजिएटची परीक्षा देणार आहे. मग संस्कृत. स्वयंपाकाला रोज वेळ मिळेलच असं नाही."

"बांगड्याचं तिखलं मी तुमच्यापेक्षा बरं करतो. पैज लावा."

"आणि माझ्या चुका काढायच्या नाहीत."

"नारळ सोडून," केरू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तरी तो हसत होता. "बाई... सगुणा म्हटलं तर चालेल?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. कोळणी श्वास रोखून उभ्या. "घरी म्हणा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गालांवर असा रंग चढला, जो फारुकशेठच्या कुठल्या डब्यात नव्हता.

रत्नागिरीला ती बातमी पचायला महिना लागला. पेटीच्या क्लासातल्या बायका गप्प झाल्या, मग एकदम सगळ्या बोलू लागल्या. केरूची मुलगी हर्ण्याला दिलेली. तिने तीन आठवडे पत्राचं उत्तर दिलं नाही. मग सुक्या बांगड्यांचं गाठोडं आणि वर एक ओळ आली: ‘बाबा, नव्या आईला खारवलेलं चालतं का ते कळवा.’ बाईंनी ते वाचलं आणि त्या आईच्या ‘आ’कडे बघतच राहिल्या. साठीच्या उंबरठ्यावर हे नातं कुणी त्यांच्या पदरात टाकेल असं त्यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

वैशाखात दोघं नोंदणीच्या कचेरीत गेली. साक्षीला बाळा, कमळा आणि फारुकशेठ. कारकुनाने कागद वाचला, वर बघितलं, पुन्हा कागद वाचला.

"वधूवर कुठायत?"

"हे काय," बाई म्हणाल्या. "समोर."

कारकुनाची लेखणी थांबली. "अं... हो. बसा, आजी. म्हणजे... वधू. बसा." त्याने घाम पुसला. "इथे व्यवसाय रिकामा ठेवलाय. निवृत्त शिक्षिका लिहू ना?"

"निवृत्त कोण झालंय? विद्यार्थिनी लिहा."

"असं कसं लिहिणार बाई?"

"असं," केरूने त्याच्या हातून लेखणी घेतली, श्वास सोडला, आणि रकान्यात झोकदार अक्षरांत लिहून टाकलं. कारकून त्या अक्षरांकडे बघत राहिला आणि शिक्का मारायचं विसरला. फारुकशेठने खाकरून आठवण केली.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. भर बाजार, अकराची वेळ. पायऱ्यांच्या वर उभं राहून केरूने हात पुढे केला. निळ्या नखांचा हात.

"सगळी रत्नागिरी बघत्येय," बाई कुजबुजल्या.

"बघू दे की."

आयुष्यात कधी भर रस्त्यात कुणाचा हात धरला नव्हता त्यांनी. आणि आता तो धरला, तेव्हा त्यांची त्यांनाच चकित व्हायची पाळी आली — किती सोपं होतं ते! पायऱ्या उतरून झाल्या, रस्ता लागला, ओळखीची माणसं थबकून बघू लागली. कमळा मागून म्हणाली, "वन्सं, पदर..." पदर वाऱ्यावर उडत होता. तो सावरायला दुसरा हात मोकळा होता. पहिला त्यांनी सोडला नाही.